वळचणीचं पाणी आढ्याला

थंडीची चाहूल लागली की छपराबद्दलची पत्रं वाढतात. या वेळी त्यांतली सात निवडली आहेत. ज्यांची पत्रं घेता आली नाहीत, त्यांचे प्रश्न बहुतेक यांतच येऊन गेलेत. छपरांच्या आणि पन्हळींच्या दुरुस्तीचं काम मी 26 वर्षं करते आहे, तेव्हा उत्तरं त्या कामातूनच दिली आहेत. घर बर्फ पडणाऱ्या ठिकाणचं आहे असं धरून लिहिलंय. जिथे नुसता गारठा आणि पाऊस असतो, तिथे बर्फाचा भाग सोडून बाकी सगळं तसंच लागू पडतं.

प्रश्न : ताई, आमचं छप्पर उतरतं, शिंगल्सचं, म्हणजे एकावर एक बसवलेल्या चपट्या डांबरी तुकड्यांचं आहे. घरामागे दोन मोठी झाडं आहेत. पन्हळी दरवर्षी साफ करून घेतो, तरी थंडीत एका कोपऱ्यातून पाणी भिंतीवर येतंच. साफसफाई नेमकी कधी करायची, आणि एकदा की दोनदा?

दोनदा. पानगळ निम्म्यावर आली की एकदा, आणि झाडं पूर्ण उघडी झाली की दुसऱ्यांदा, पन्हळीतलं पाणी गोठायला लागण्याआधी. एकदाच जमणार असेल तर दुसरी वेळ साधा.

पण तुम्ही लिहिलंय की साफ करूनही पाणी येतं, आणि तेही दरवर्षी त्याच कोपऱ्यातून. मग दोष पानांचा नाही. एक तर उताराचा असेल, नाही तर सांध्याचा. पन्हळ रिकामी करून झाली की लगेच शिडी उतरू नका. दूरच्या टोकाला नळी लावून पाणी सोडा आणि पाहत राहा. पाणी खालच्या पाइपाच्या तोंडाकडे आपसूक सरकलं पाहिजे. नळी बंद केल्यावर मधेच कुठे डबकं राहिलं, तर तिथे पन्हळ खचली आहे. दर 3 मीटरला साधारण 6 मिलिमीटर इतका उतार पुरतो. खालून पाहणाऱ्याला तो दिसतही नाही, पण पाण्याला तेवढा कळतो.

पन्हळ खचते ती वजनाने. हिशेब करून पाहा. 12 सेंटिमीटर रुंद आणि 8 सेंटिमीटर खोल अशी चौकोनी पन्हळ काठोकाठ भरली, तर मीटरला साडेनऊ लिटरहून जास्त पाणी धरते. 10 मीटरच्या पन्हळीत हे वजन 96 किलो होतं, आणि ते सगळं चार-दोन खिळ्यांवर टांगलेलं असतं. पाणी गोठलं की वजन तेवढंच राहतं, पण आकारमान सुमारे 9 टक्क्यांनी वाढतं आणि सांधे उसवतात. म्हणून आधार तपासा. जुन्या घरांत लांब खिळे ठोकलेले असतात आणि ते दर थंडीत थोडे थोडे बाहेर येतात. परत ठोकून उपयोग नाही, भोक मोठं झालेलं असतं. त्याच्या शेजारी स्क्रूचा ब्रॅकेट लावा आणि जुना खिळा काढून टाका. जिथे बर्फ जास्त, तिथे दोन ब्रॅकेटमधलं अंतर 60 सेंटिमीटरच्या वर जाऊ देऊ नका.

आता सांधा. तुमची पन्हळ ॲल्युमिनियमची असेल तर उन्हाळ्याची दुपार आणि हिवाळ्याची रात्र यांत 50 अंशांचा फरक धरा. तेवढ्यात 10 मीटरची पन्हळ सुमारे 12 मिलिमीटर लांब-आखूड होते. पीव्हीसीची असेल तर याच्या दुपटीहून जास्त. कोपरा दोन्ही बाजूंनी घट्ट जखडलेला असला की ही ओढाताण त्या एका सांध्यावर येते आणि सांधा बुजवणारं सीलंट फाटतं. माझा अंदाज हाच आहे. जुनं सीलंट खरवडून पूर्ण काढा, धातू कोरडा करा, स्पिरिटने पुसा आणि मगच नवं भरा. बहुतेक सीलंटना किमान 5 अंश तापमान आणि कोरडी जागा लागते, नळकांड्यावर तसं छापलेलं असतं. म्हणजे हे काम आत्ताच, ऐन थंडीत नाही. जुन्या सीलंटवर नवं थापून गेलेला माणूस तुम्हाला पुढच्या वर्षी परत बोलवावा लागतो, हे मी शंभरदा पाहिलंय.

पन्हळीच्या तळाशी जो काळा रेंदा निघतो तो फेकण्याआधी बोटांत घेऊन चोळून पाहा. त्यात वाळूसारखं काहीतरी बोचेल. ते शिंगल्सच्या पाठीवरचे खडे. चिमूटभर निघाले तर चालतात, नव्या छपरातूनही सुरुवातीला निघतात. जुन्या छपरातून ओंजळी भरून निघायला लागले, तर शिंगल्स उन्हाने सोलवटल्या आहेत, आणि एक-दोन वर्षांत छप्पर शाकारायची तयारी ठेवा.

प्रश्न : मागच्या हिवाळ्यात वळचणीला हातभर लांब बर्फाचे सुळे लटकत होते. दिसायला सुंदर, पण नंतर खिडकीच्या वरच्या भिंतीतून पाणी आलं. घरात सगळ्यांचं मत पडतंय की पन्हळीत तापवायची विजेची तार बसवून टाकावी. बसवावी का?

आत्ता नको. आधी हे पाणी कुठून आलं ते पाहू.

आपल्याकडे अशक्य गोष्टीला ‘वळचणीचं पाणी आढ्याला’ म्हणतात. तुमच्या छपरावर मागच्या हिवाळ्यात थोड्याफार प्रमाणात तेच झालं. घरातली ऊब छताच्या फटींतून माळ्यावर जाते. माळा उबदार झाला की छपराचा वरचा भाग आतून शून्याच्या वर येतो आणि बर्फाचा सगळ्यात खालचा थर वितळतो. वरून पाहणाऱ्याला बर्फ तसाच दिसतो. हे पाणी बर्फाच्या पोटाखालून उतरत वळचणीपर्यंत येतं. वळचण भिंतीच्या बाहेर असते, तिच्याखाली घर नाही, त्यामुळे ऊबही नाही. तिथे ते गोठतं. दुसऱ्या दिवशी आणखी पाणी, आणखी बर्फ. आठवड्याभरात छपराच्या कडेला बर्फाचा बांध तयार होतो आणि त्याच्यामागे पाणी तुंबतं. सुळे म्हणजे त्या बांधावरून ओसंडलेलं पाणी.

शिंगल्स माशाच्या खवल्यांसारख्या एकावर एक बसवलेल्या असतात. खाली वाहणारं पाणी त्यांच्यावरून निघून जातं. तुंबलेल्या पाण्यासाठी त्या केलेल्याच नसतात. ते खवल्यांच्या खालून वर सरकतं, खिळ्याच्या भोकातून फळीत आणि तिथून भिंतीत उतरतं. तुमच्या खिडकीवर आलं ते हे. आणि बर्फाचा थर जाड असला तर तो गोधडीसारखा छपराला आणखी उबदार ठेवतो, म्हणून भरपूर बर्फाच्या वर्षी हा त्रास जास्त होतो.

पन्हळ कितीही स्वच्छ असली तरी हा बांध होऊ शकतो. तुंबलेल्या पन्हळीत तो लवकर होतो आणि मोठा होतो, एवढंच. या दुखण्याचं मूळ माळ्यात आहे. म्हणून या हिवाळ्याची तयारी तुम्ही शिडी बाहेर लावून न करता आत लावून करा.

माळ्यावर जायच्या झडपेपासून सुरू करा. जोराचा वारा असलेल्या दिवशी खोलीत उभं राहून झडपेच्या कडेला पेटलेली उदबत्ती धरा. धूर फटीत ओढला गेला, तर तुमची ऊब तिथूनच जाते आहे. झडपेला कडेने फोमची पट्टी लावा, तिच्या पाठीवर थर्माकोलचा जाड तुकडा चिकटवा. मग वर चढून विजेच्या वायरी जिथून येतात ती भोकं, नळाचे पाइप, छतात बसवलेले दिवे, आतल्या भिंतींचे माथे असं एकेक बुजवत जा. भोकं लहान दिसतात, पण सगळी मिळून एक उघडी खिडकी होते. धुराड्याभोवतीची फट मात्र फोमने भरायची नाही. तिथे पत्रा आणि आगीला टिकणारं सीलंटच हवं. छतात बसवलेल्या दिव्यांवर काचेची लोकर (ऊब अडवणारा काचतंतूंचा थर) टाकण्याआधी ते तसे झाकता येतात का, हे वीजकाम जाणणाऱ्याला विचारा. काही दिवे झाकले की तापतात.

फटी बुजल्या की काचेची लोकर. कडाक्याच्या थंडीच्या भागात माळ्याच्या जमिनीवर 35 ते 40 सेंटिमीटरचा थर लागतो. पण ती वळचणीच्या कोपऱ्यात कोंबू नका. तिथून बाहेरची थंड हवा आत यायला वाट असते, ती वाट छपराच्या फळीखाली निदान अडीच सेंटिमीटर मोकळी राहिली पाहिजे. ही हवा खालून येऊन आढ्याजवळच्या झरोक्यातून बाहेर जाते आणि छप्पर बाहेरइतकंच थंड ठेवते. प्रमाण असं धरतात : माळ्याच्या क्षेत्रफळाच्या 300 व्या भागाइतकी मोकळी जागा, निम्मी खाली आणि निम्मी वर. 90 चौरस मीटरच्या माळ्याला 3,000 चौरस सेंटिमीटर.

क्रम बदलू नका. आधी फटी, मग लोकर, मग झरोके. फटी न बुजवता नुसते झरोके वाढवले, तर ते खालच्या खोल्यांतली ऊब आणखी जोरात वर खेचतात. एका घरी मी नेमकं हेच करून बसले होते, उमेदीची पहिली वर्षं होती, आणि त्या कुटुंबाचा बांध पुढच्या हिवाळ्यात आधीपेक्षा मोठा झाला. ते काम मी स्वखर्चाने परत केलं.

तापवायची तार बर्फात पाण्यापुरती वाट कोरते. तेवढं काम ती करते. ऊब मात्र जातच राहते आणि तारेची वीज वर जळते. ज्या घराची रचनाच अशी आहे की माळ्यात हातच जात नाही, तिथे मी ती लावायला सांगते. पण मग खालच्या पाइपातही शेवटपर्यंत सोडायची, नाही तर वितळलेलं पाणी पाइपात जाऊन गोठतं. तिचं सर्किट वीज गळायला लागली की आपोआप तुटणारं असलंच पाहिजे.

यंदा काम पूर्ण होण्याआधीच बर्फ आला, तर लांब दांड्याच्या फावड्याने, जमिनीवर उभं राहून, वळचणीपासून वरचा मीटर-दीड मीटर बर्फ ओढून काढा. बांध झालाच, तर जुन्या लांब मोज्यात कॅल्शियम क्लोराइड भरा आणि तो मोजा बांधावर आडवा न टाकता उभा टाका, एक टोक पन्हळीच्या बाहेर लोंबेल असा. तो हळूहळू पाण्याला वाट करून देतो. खायचं मीठ किंवा जाडं मीठ नको. ते कडाक्याच्या थंडीत फारसं काम करत नाही, खिळे आणि पत्रा खातं, आणि खालची झाडं मारतं. हातोडी, कुऱ्हाड, पहार यांतलं काहीही छपरावर नेऊ नका. गारठलेली शिंगल बिस्किटासारखी तुटते.

आणि पुढे कधी छप्पर नवं कराल तेव्हा वळचणीपासून वर, बाहेरच्या भिंतीच्या आतल्या कडेच्याही 60 सेंटिमीटर पलीकडे जाईल इतका, चिकटणारा जलरोधक पडदा शिंगल्सच्या खाली घालायला सांगा. बांध झालाच तरी पाणी घरात येणार नाही.

प्रश्न : झोपायच्या खोलीच्या छतावर तपकिरी डाग आलाय. विचित्र गोष्ट अशी, की पावसात तो वाढत नाही. कडक थंडीनंतर एखादा उन्हाचा दिवस आला की ओला होतो. दोन कारागिरांनी छप्पर पाहिलं, दोघं म्हणतात छप्पर ठणठणीत आहे. मग पाणी येतंय कुठून?

घरातूनच. कारागीर बरोबर सांगतायत.

हा डाग मी स्वतःच्या घरात दोन वर्षं सोसलाय. पलंगाच्या अगदी वर, मधे फिकट आणि कडेला गडद अशी एक गोल रेघ होती. इतरांची छपरं दुरुस्त करणारी मी, तेव्हा खात्रीने सांगितलं की धुराड्याच्या बुडाचा पत्रा गेलाय. तो बदलला. पुढच्या थंडीत डाग पुन्हा ओला. मग एका पहाटे, बाहेर सगळं गोठलेलं असताना, मी बॅटरी घेऊन माळ्यावर गेले. छपराच्या फळ्यांतून शिंगल्सच्या खिळ्यांची टोकं खाली निघालेली असतात ना, त्या प्रत्येक टोकावर गोठलेल्या दवाची पांढरी टोपी होती. शेकडो टोकं, बॅटरीच्या उजेडात चमकणारी. एका जागी ती सर्वांत दाट होती, फळीसुद्धा पांढरी झालेली. त्याच्या बरोबर खाली न्हाणीघराच्या पंख्याचा पाइप होता. त्याचा सांधा सुटून तोंड काचेच्या लोकरीवर पडलेलं होतं. म्हणजे रोज सकाळची सगळी वाफ आम्ही माळ्यात सोडत होतो. ती फळीवर गोठायची, आणि ऊन पडून छप्पर तापलं की एकदम वितळून छतावर ठिबकायची.

तर तुम्ही आधी हे पाहा. न्हाणीघर आणि स्वयंपाकघर यांच्या पंख्यांचे पाइप घराच्या बाहेर निघतात का? माळ्यात सोडून दिलेले नाहीत ना? वळचणीच्या झरोक्याजवळ नुसतं टोक टेकवून ठेवलेलं असेल तर तेही चालत नाही, वाफ त्याच झरोक्यातून परत आत ओढली जाते. पाइपावर लोकरीचं आवरण हवं आणि तो बाहेरच्या दिशेला थोडा उतरता हवा, नाही तर आतल्या वाफेचं पाइपातच पाणी होऊन ते पंख्यातून खाली टपकतं. कपडे वाळवायच्या यंत्राचा पाइपही तपासा.

ओल्या झालेल्या लोकरीत दम राहत नाही. ती दाबली जाते आणि ऊब सोडते. भिजलेला तुकडा काढून नवा घाला. ऐन थंडीत घरातली आर्द्रता 30 ते 40 टक्क्यांच्या आसपास ठेवा. खिडकीच्या काचेवर सकाळी पाणी ओघळत असेल तर ती त्याहून बरीच जास्त आहे असं समजा.

डाग वाळल्यावरच रंग द्या. आधी डाग अडवणारा प्रायमर लावा, नाही तर तपकिरी रेघ नव्या रंगातून परत वर येते.

प्रश्न : माझं वय 71. आजवर पन्हळी स्वतः साफ केल्या. मुलं ओरडतात. शिडी भक्कम आहे, मला चक्कर वगैरे येत नाही. अजून एक-दोन वर्षं करू का?

काका, नको.

चक्कर येत नाही हे मान्य. पण शिडीवरून माणूस पडतो तो हात लांब करताना. अजून अर्ध्या हातावर पानं दिसत असतात आणि खाली उतरून शिडी सरकवायचा कंटाळा येतो. माझ्यासोबत काम करणारा, माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान मुलगा असाच पडला. टाच मोडली, आठ महिने घरी होता. शिडी फक्त अडीच मीटरवर होती.

पण तुमच्या अनुभवाचा उपयोग आहे, आणि तो जमिनीवरून करा. चांगला पाऊस लागला की छत्री घेऊन घराभोवती एक फेरी मारा. पन्हळीच्या पुढच्या कडेवरून पाणी ओसंडतंय की पाठीमागून भिंतीवर येतंय, कोणत्या सांध्यातून थेंब गळतोय, कोणत्या पाइपातून धार येते आणि कोणत्यातून नुसतीच रडकी धार, हे पावसात दहा मिनिटांत जे कळतं ते कोरड्या दिवशी तासभर शिडीवर बसून कळत नाही. खालच्या पाइपावर बोटाच्या पेराने टकटक करत वर जा. मोकळा पाइप पोकळ वाजतो, तुंबलेल्या जागी आवाज बद्द होतो. बहुतेक वेळा ती जागा वळणाची असते. दुर्बीण असेल तर धुराड्याचा पत्रा, उचकटलेल्या शिंगल्स आणि छपरातून वर निघालेल्या पाइपांचे रबरी गळे पाहा. छप्पर टिकतं तितकं हे रबर टिकत नाही, चिरा पडतात. हे सगळं कागदावर लिहून साफ करायला येणाऱ्याच्या हातात द्या. अशी यादी देणारा घरमालक मला भेटला की माझं निम्मं काम झालेलं असतं.

जे वाचक चढणारच आहेत त्यांच्यासाठी : शिडी जितकी उंच टेकेल त्याच्या चौथ्या भागाइतका तिचा पाय भिंतीपासून दूर हवा, आणि टेकलेल्या जागेच्या वर ती निदान एक मीटर जायला हवी. पन्हळीवर शिडी टेकवू नका, आधाराची चौकट लावून भिंतीवर टेकवा. कमरपट्ट्याचं बक्कल कायम शिडीच्या दोन खांबांच्या मधे राहू द्या. खाली एक माणूस हवा. विजेच्या तारेजवळ धातूची शिडी नको. आणि दव पडलेल्या सकाळी चढायचंच नाही.

प्रश्न : पन्हळीवर जाळी बसवली की साफसफाईची कटकट संपते असं म्हणतात. खरं आहे का?

कटकट कमी होते, संपत नाही. रुंद पानं जाळीवरून वाऱ्याने उडून जातात. सुयांसारखी पानं गळणारी झाडं असतील तर साध्या जाळीच्या भोकांतून सुया खाली जातातच आणि मग त्या काढायला जाळी उचकटावी लागते. तिथे अगदी बारीक विणीची पोलादी जाळी लागते, आणि तीही वर्षातून एकदा ब्रशने झाडावी लागते. बर्फाच्या बांधावर जाळीचा काही उपाय चालत नाही. घ्यायचीच असेल तर एक पाहा : ती शिंगल्सच्या पहिल्या ओळीखाली खुपसून उचलून धरणारी नको. त्याने ती ओळ कायमची उचकटलेली राहते.

प्रश्न : आमचं छप्पर म्हणजे सपाट काँक्रीटची गच्ची. वर पाणी साचतं, ते गोठतं. काय तयारी करावी?

पाऊस थांबल्यावर दोन दिवसांनी गच्चीवर जा. तेव्हाही जिथे पाणी उभं असेल तिथे खडूने कड आखा. हा तुमचा नकाशा. गच्चीला मीटरमागे 1 ते 2 सेंटिमीटर उतार पाणी जायच्या तोंडाकडे हवा. आखलेल्या जागा उताराचा थर देऊन भराव्या लागतील. ते काम दिवस उबदार असतानाच होतं, ओलं सिमेंट गोठलं की त्यात जोर राहत नाही.

थंडीपुरतं म्हणाल, तर मोरीच्या तोंडावर घुमटाच्या आकाराची जाळी बसवा. सपाट जाळी एका पानाने बंद होते. कठड्यात, गच्चीच्या पातळीच्या थोडं वर, दुसरी एक वाट ठेवा, म्हणजे पहिली गोठली तरी पाणी अडणार नाही. 50 चौरस मीटरच्या गच्चीवर 10 सेंटिमीटर पाणी साचलं तर ते 5 टन होतं, हे लक्षात असू द्या. कठडा आणि गच्ची मिळतात त्या कोपऱ्यातल्या बारीक चिराही आत्ताच भरून घ्या. चिरेत शिरलेलं पाणी गोठून फुगतं, वितळतं, आणखी आत जातं, पुन्हा गोठतं. केसाएवढ्या चिरेत वसंतापर्यंत नख जातं.

प्रश्न : तुमचा सल्ला छापून येईपर्यंत आमच्याकडे गोठायला सुरुवात झालेली असेल, आणि पन्हळी अजून भरलेल्याच आहेत. आता काय करता येईल?

घाबरू नका. थंडी सुरू झाली तरी मधे एखादी मऊ दुपार येते, तापमान शून्याच्या दोन-तीन अंश वर असतं. त्या दिवसावर लक्ष ठेवा. संपूर्ण पन्हळ साफ करायच्या मागे लागू नका. खालच्या पाइपाचं तोंड आणि त्याच्या दोन्ही बाजूंचा हातभर भाग, एवढंच मोकळं करा. प्लास्टिकचं फावडं किंवा दुधाच्या प्लास्टिकच्या डब्याचा कापलेला तुकडा वापरा, धातूच्या धारेने पन्हळीचा लेप खरवडला जातो. गोठलेला गोळा ओढून काढू नका, पन्हळ हातात येईल. वरून उकळतं पाणीही नको. ते पाइपात उतरून थंड होतं आणि तिथेच गोठतं.

खालचा पाइप बर्फाने भरलेला असेल, तर बुडाचं वळण सोडवून ठेवा. वितळेल ते तिथून तरी पडेल. पडेल तिथे एक फळी किंवा जास्तीचा पाइप असा लावा की पाणी पायापासून दीड-दोन मीटर दूर जाईल आणि तुमच्या जायच्या-यायच्या वाटेवर येणार नाही. पायरीवर गोठलेलं ते पाणी दिसत नाही आणि रोज त्यावरून तुम्हीच जाता.

पहिला बर्फ पडल्यावर, ऊन छपरावर यायच्या आधी, समोरच्या रस्त्यावरून छप्पर पाहा. शेजारच्या छपरांवर सारखा थर आणि तुमच्यावर उघडे काळे तुकडे असतील, तर त्या तुकड्यांच्या खालून ऊब निसटते आहे. फोटो काढून ठेवा. कुठे सुळे लटकले त्याचाही. वसंतात माळ्यावर चढाल तेव्हा बॅटरी सगळ्यात आधी तिथेच मारा.